सात सद्गुणांचा रोजचा सराव: नागपुरात राहून सुरुवात कशी करावी

सदरला लागून, कामठी रोडवर कॅथलिकांचं कॅथेड्रल आहे आणि सेमिनरी हिल्सवर एसएफएस कॉलेज आहे. दोन्हींना संत फ्रान्सिस डी सेल्स यांचं नाव दिलेलं आहे. कितीतरी नागपूरकरांच्या दाखल्यांवर हे नाव छापलेलं असतं, पण या माणसानं काय शिकवलं हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. १५६७ साली जन्मलेले हे बिशप आजच्या फ्रान्समधल्या ॲनसी गावात राहत. १६०९ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिलं, तेही मठातल्या साधूंसाठी नाही. घरसंसार, दुकानदारी, नोकरी सांभाळणाऱ्या माणसांसाठी. त्यातलं एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. मोठं शौर्य किंवा मोठं औदार्य दाखवायची वेळ आयुष्यात क्वचित येते, पण सौम्यपणा, संयम, सचोटी आणि नम्रता यांची वेळ रोज येते. तेव्हा सराव रोजच्या गोष्टींचा करावा.

ज्यांना चांगलं वागायची मनापासून इच्छा आहे, पण नेमकं उद्या सकाळी काय करायचं हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी एवढं समजून घ्या

ख्रिस्ती परंपरेतल्या सात सद्गुणांपैकी चार ग्रीक विचारवंतांकडून आले: विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. प्लेटोनं आदर्श नगराचं वर्णन करताना हेच चार मोजले. उरलेले तीन, म्हणजे विश्वास, आशा आणि प्रीती, बायबलमधल्या, संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात एकत्र येतात, आणि त्यांत प्रीती श्रेष्ठ असं तो म्हणतो. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी या सातांची सविस्तर मांडणी केली. ख्रिस्ती नीतिशिक्षण आजही बरंचसं त्या मांडणीवर उभं आहे.

पहिल्या चारांना धर्माची अट नाही. तुम्ही वारीला जाणारे असा, दीक्षाभूमीवर माथा टेकणारे असा किंवा कुठंच न जाणारे असा, न्याय आणि संयमाचा सराव तुम्हाला करता येतो. शेवटचे तीन देवाशी असलेल्या नात्याचे आहेत. ते देवाकडून मिळतात, आपल्या कष्टानं कमावता येत नाहीत, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. आपल्या हातात असतं ते मागणं, आणि मिळालेलं वापरात ठेवणं.

ॲरिस्टॉटलचं एक सूत्र मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या. न्यायाची कामं करत करत माणूस न्यायी होतो, धीराची कामं करत करत धीराचा होतो. आधी मन शुद्ध होऊ दे, मग वागणं सुधारेल, असं म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल.

पहिली पायरी: देणं फेडा (न्याय)

परंपरेत विवेकाचा क्रमांक पहिला आहे, कारण बाकीच्या गुणांना दिशा तोच देतो. तरीही नव्या माणसानं सुरुवात न्यायापासून करावी असं माझं ठाम मत आहे. विवेक वाढला का, हे लवकर कळत नाही. किराणा दुकानाची उधारी फेडली का, हे आज संध्याकाळीच कळतं. ज्याच्या हक्काचं जे आहे ते त्याला देण्याची पक्की इच्छा, अशी न्यायाची जुनी व्याख्या आहे, आणि ती वहीत लिहून तपासता येते.

एक साधी वही घ्या. ‘मी कोणाचं काय देणं लागतो’ एवढंच डोक्यावर लिहा आणि अर्धा तास बसा. भिशीचा राहिलेला हप्ता, मोठ्या भावाकडून घेतलेले आणि दोघांनीही पुन्हा न काढलेले पैसे, शेजारच्यांचं ड्रिल मशीन, मित्राची पुस्तकं, घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार. यादी वाटते त्यापेक्षा लांब होते. ती झाली की रकमेप्रमाणे लावू नका, माणसाच्या गरजेप्रमाणे लावा. ज्याचं आपल्या पैशावाचून अडतं, तो सगळ्यात वर.

बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात, चोविसाव्या अध्यायात, मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या, असा सरळ आदेश आहे. तो गरीब आहे, त्याचं मन त्या पैशात गुंतलेलं असतं, असं कारणही तिथंच दिलं आहे. आपल्या शहरात सकाळी ठिय्यावर माणसं कामाची वाट पाहत उभी असतात. त्यांच्यातलं कोणी तुम्ही घरी आणलंत तर हे असं करा:

– निघण्यापूर्वीच मजुरी ठरवा, काम किती आणि किती वाजेपर्यंत तेही बोला.
– त्याच्याकडे फोनवर पैसे घेण्याची सोय नसेल तर सकाळीच रोख आणि सुटे काढून ठेवा. संध्याकाळी ‘सुटे नाहीत, उद्या या’ म्हणालात तर दुसऱ्या दिवशी ठिय्यावर उभं राहायचं सोडून त्याला तुमच्या दारात यावं लागतं.
– एप्रिल-मे असेल तर दुपारी सावलीत थांबायला वेळ द्या, आणि त्या वेळेची मजुरी कापू नका.
– काम ठरल्यापेक्षा वाढलं तर मजुरीही वाढवा, त्यानं मागायची वाट न पाहता.

घरकामाच्या ताईंच्या बाबतीतही तेच. पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. आजारपणाच्या सुट्टीचे पैसे कापू नयेत, असं मला वाटतं. आपल्या नोकरीत आपण ती सवलत हक्कानं घेतोच. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. दिवाळीला साडी दिल्यानं थकलेला पगार फिटत नाही. साडी हा प्रेमाचा भाग झाला, पगार न्यायाचा, आणि न्यायाचं आधी.

पैशाचं आटोपलं की नावाकडे या. एखाद्याची अब्रू ही त्याची मालमत्ता आहे आणि ती खराब केली तर भरून द्यावी लागते, असं अक्वायनस सांगतात. सोसायटीच्या ग्रुपवर चौकीदाराबद्दल शंका टाकली आणि ती खोटी निघाली, तर नुसतं मनात वाईट वाटून भागत नाही. जिथं लिहिलं तिथंच दुरुस्ती करायची. त्याआधी त्याला भेटून सांगायचं, “काकाजी, परवा मी तुमच्याबद्दल ग्रुपवर टाकलं होतं ना, ते चूक निघालं. माफ करा. आज तिथंच लिहून राहिलो.” हे जड जातं, म्हणून चहाचं आमंत्रण देऊन विषय गुंडाळण्याकडे कल असतो. चहा जरूर पाजा, पण लिहिल्यावर.

या पायरीला दोन महिने लागले तरी चालतील.

दुसरी पायरी: ठरवायला शिका (विवेक)

विवेकाची तीन कामं अक्वायनस यांनी सांगितली आहेत: सल्ला घेणं, निर्णय करणं, आणि तो अमलात आणणं. सल्लामसलत सावकाश करावी, ठरलं की काम झटपट करावं, हे तर ॲरिस्टॉटलच्या काळातच लोक म्हणत असत. आपण पुष्कळदा उलट करतो. ठरवतो घाईनं आणि करायला महिने लावतो.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. बेसा, हुडकेश्वर किंवा वर्धा रोडच्या पुढे कुठंतरी लेआउट पडलेला असतो आणि दाखवायला आलेला माणूस म्हणतो, “आज टोकन देऊन द्या भाऊ, उद्या रेट वाढून राहिले.” विवेकाचा सराव करायची हीच वेळ आहे. पहिलं, आज टोकन द्यायचं नाही. घाई लावणाऱ्या माणसासमोर निर्णय घ्यायचा नाही, हा नियमच करून टाका. दुसरं, जमीन अकृषक झाली आहे का, मंजुरी कोणाची आहे, सातबारावर नाव कोणाचं आहे, याची कागदं मागा. तिसरं, ज्याला या व्यवहारात एक रुपयाचाही फायदा नाही अशा जाणत्या माणसाकडे ती कागदं घेऊन जा. नोंदणीची कामं करणारा ओळखीचा वकील चालेल, आधी या भानगडीतून गेलेले मामा चालतील. आपल्यापेक्षा अनुभवी माणसाकडून शिकून घ्यायची तयारी हा विवेकाचाच एक भाग मानला आहे. आधीच्या अनुभवाची खरी आठवण ठेवणं, हाही एक. आपल्या सोयीनं बदलून टाकलेली आठवण सल्ला देताना फसवते.

मग एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी हो किंवा नाही सांगून मोकळे व्हा. नाही म्हणायचं असेल तर फोन टाळत बसू नका, समोरच्याचाही वेळ असतो.

विवेक आणि चलाखी यांत गल्लत होऊ देऊ नका. वाईट गोष्ट सफाईनं साधणाऱ्याला आपण ‘हुशार आहे पोट्टा’ म्हणतो. परंपरा त्याला विवेकी म्हणत नाही, कारण विवेक साधनं निवडतो ती चांगल्या हेतूसाठी.

तिसरी पायरी: खाणं, खर्रा आणि फोन (संयम)

संयम म्हणजे सुख टाळणं, हा समज आधी काढून टाका. सुखाची जाणच नसणं हाही दोषच आहे, असं ॲरिस्टॉटल आणि अक्वायनस दोघांनीही लिहिलं आहे. सणाला पोटभर पुरणपोळी खाणारा, मित्रांबरोबर बसून नाकातोंडातून पाणी येईपर्यंत सावजी रस्सा ओरपणारा माणूस असंयमी ठरत नाही. प्रश्न एवढाच आहे, तो नको म्हणू शकतो का?

सहाव्या शतकातले पोप ग्रेगरी यांनी खाण्यातल्या घसरणीचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणं, महागाचंच हवं असणं, जास्त खाणं, अधाशीपणानं खाणं, आणि अमुक चवीचंच हवं म्हणून चोचले करणं. ही यादी मला फार उपयोगी वाटते, कारण आपण फक्त तिसऱ्याचा विचार करतो. पाचातला आपला प्रकार ओळखा. अधाशीपणा असेल तर जेवताना फोन दूर ठेवा आणि घास संपल्याशिवाय दुसरा उचलू नका. चोचले असतील तर ताटात आलेली भाजी आठवडाभर काही न बोलता खा. घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला फरक लगेच जाणवेल.

खर्ऱ्याचं वेगळं लिहायला हवं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला हा पदार्थ विदर्भातल्या पानठेल्यापानठेल्यावर मिळतो आणि शाळकरी पोरांपर्यंत पोचला आहे. तोंडाच्या कॅन्सरशी तंबाखू आणि सुपारी या दोन्हींचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. खर्रा खाणाऱ्याला ‘मन घट्ट कर’ एवढंच सांगणं मला पटत नाही. तंबाखूची लत शरीरात बसलेली असते, तिला औषध आणि समुपदेशन दोन्ही लागू पडतात. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत सेवा आहे, तिथं फोन करा. दाताच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या. संयमाचा भाग त्यानंतर येतो: ज्या ठेल्यावर रोज थांबता तो रस्ता बदला, दुपारच्या जेवणानंतरची दहा मिनिटं कशानं भरायची ते आधीच ठरवा, आणि सोबतच्या मित्राला सांगा की मला विचारू नको. ज्यांच्या घरी रोज पंचशील म्हटलं जातं त्यांच्याजवळ पाचव्या शीलाचा, म्हणजे नशेपासून दूर राहण्याच्या व्रताचा, आधार आहेच. त्या ओळीपाशी क्षणभर थांबून स्वतःचं नाव घ्यावं.

ख्रिस्ती वाचकांसाठी वर्षातला सरावाचा काळ ठरलेलाच आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस उपवासाचे दिवस फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्ये कधीतरी येतात. जे सोडाल त्याचे वाचलेले पैसे डब्यात टाका आणि ईस्टरच्या आधी ते गरजूला द्या. उपवास, प्रार्थना आणि दान ही तिन्ही बरोबरीनं चालावीत, अशी रीत आहे.

चौथी पायरी: टिकून राहा (धैर्य)

धैर्य म्हटलं की चढाई डोळ्यांसमोर येते. अक्वायनस मात्र सांगतात की धैर्याचं मुख्य काम टिकून राहणं हे आहे, कारण ते चढाईपेक्षा कठीण असतं. मेडिकल या सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात आईच्या खाटेशी रात्र काढणारा मुलगा, नापास झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा अभ्यासिकेत जाऊन बसणारी मुलगी, साहेबांनी आकडे फिरवायला सांगितल्यावर ‘हे माझ्याकडून होणार नाही’ असं आवाज न चढवता म्हणणारा कारकून, हे सगळे धैर्याचा सराव करत असतात.

सरावाला सोपी जागा एकच: टाळलेलं काम. रोज सकाळी, भीतीपोटी टाळलेली एक गोष्ट निवडा आणि दहा वाजायच्या आत करा. बहुतेक वेळा तो एखादा फोन असतो.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. हेल्मेटविना रिंग रोडवर गाडी पळवणं हा उतावळेपणा आहे. आणि घरातली मारहाण सोसत राहणं याला सद्गुणाचं नाव देऊन कोणावर लादू नका. तिथं मदत मागणं हेच धैर्य आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक चालू असतात.

पाचवी पायरी: विश्वास, आशा, प्रीती

विश्वासाला ठरलेली वेळ द्या. रात्री जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून दहा मिनिटांची प्रार्थना, रविवारची उपासना किंवा मिस्सा, आणि शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचं, थोडं वाचन. अगदी नवखे असाल तर मार्कपासून सुरू करा. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान आहे, सोळा अध्यायांचं. रोज एक वाचलं तर दोन आठवड्यांच्या थोडं पुढे संपतं. शंका आल्या तर त्या लिहून ठेवा आणि धर्मगुरूंना किंवा पाळकांना विचारा. शंका विचारणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे.

आशा दोन बाजूंनी मोडते. एक निराशा: आता काही होणार नाही. दुसरा फाजील भरवसा: देव करेल, मला काही करायला नको. बायोप्सीच्या रिपोर्टची किंवा एमपीएससीच्या निकालाची वाट पाहताना दोन्ही एकाच दिवसात येऊन जातात. अशा वेळी एका वाक्यात मागा आणि आजच्या दिवसाचं काम आजच संपवा. ख्रिस्ती आशा शेवटी निकालावर टेकलेली नसते, देवाच्या वचनावर असते. म्हणून निकाल वाईट आला तरी ती संपत नाही.

प्रीती म्हणजे दुसऱ्याचं भलं इच्छिणं आणि त्यासाठी काही करणं. मनात जिव्हाळा दाटून यायची वाट पाहू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू ख्रिस्त भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्याची भेट अशी कामं मोजून सांगतो. नागपुरात यांतलं बरंच काही चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून ते छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. नातेवाईक आवारात दिवस काढतात. तिथं जायचं तर आधी विचारा, “ताई, काय आणू?” उत्तर जेवणाच्या डब्याऐवजी अंगाचा साबण, फोनचा चार्जर किंवा फक्त दोन तास रुग्णाजवळ बसणं, असंही येऊ शकतं. फोटो काढू नका. एकदाच दहा डबे नेण्यापेक्षा ठरावीक वारी एक डबा नेणं बरं, कारण त्यानं ओळख होते.

सगळ्यात अवघड प्रीती घराजवळची. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून ज्या भावाशी बोलणं बंद आहे, त्याच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा. कोर्टातली बाजू सोडायला मी सांगत नाही, तो न्यायाचा प्रश्न आहे आणि सुटायचा तसा सुटेल. पण त्याच्या घरी दुखणंखुपणं असेल तर तुमच्याकडून फोन जावा.

रोज रात्रीची पाच मिनिटं

सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी एक पद्धत घालून दिली. एक दोष निवडायचा. सकाळी उठताना त्याची आठवण करायची. दुपारी आणि रात्री, किती वेळा घसरलो हे आठवून वहीतल्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे. मग कालच्या रेघेशी आजची ताडून पाहायची, आठवड्याशी आठवडा. चारशेहून अधिक वर्षं लोक हे करत आले आहेत आणि त्याला वही-पेन सोडून काही लागत नाही.

एका वेळी एकच दोष, हे कटाक्षानं पाळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींबरोबर निघणारे बडगे जसे एकेका दुष्ट गोष्टीच्या नावानं केलेले असतात, तसं आपल्या दोषालाही नाव द्या. ‘राग’ असं मोघम लिहू नका, ‘संध्याकाळी घरी आल्यावर मुलांवर ओरडणं’ असं लिहा. मग त्यावर उपायही नेमका सुचतो. दारात दोन मिनिटं थांबावं, हातपाय धुवावेत, पाणी प्यावं आणि मगच बोलावं.

ठिपके वाढले तर स्वतःवर चिडू नका. फ्रान्सिस डी सेल्स यांनी यावर खास लिहिलं आहे. स्वतःच्या चुकीवर संतापणं हाही अहंकारच असतो. मनाला हळुवार उचलून पुन्हा वाटेवर आणावं. कॅथलिक वाचकांना पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूंपुढे चुका कबूल करण्याचा, आधार आहे. बाकीच्यांनी विश्वासातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा भेटावं आणि वही उघडून बोलावं.

दोन महिने झाले की वहीतल्या ठिपक्यांवर विसंबू नका. ज्या माणसासोबत राहता, त्याला विचारा: “माझ्या वागण्यात काही फरक पडला का? आणि अजून कशाचा त्रास होतो?” मध्ये बोलू नका, कारणं सांगू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून घ्या. दुसऱ्याचं उत्तर वहीच्या नव्या पानावर, त्याच्याच शब्दांत, उतरवून काढा आणि पुढच्या सकाळपासून ठिपके त्याचे द्या.